शंभर झेंडूंतले चार

दोन हजार चार साली मी एका फुलवाल्या बाईंच्या चार लाख रुपयांचे दहा महिन्यांत दोन लाख ऐंशी हजार केले. गंमत म्हणजे दहा महिन्यांपूर्वी शेअर बाजार जिथे होता, दहा महिन्यांनी जवळजवळ तिथेच होता. बाजार पडल्यावर पैसे घालवणं कुणालाही जमतं. बाजार जागच्या जागी असताना घालवायला अभ्यास लागतो. माझा अभ्यास दांडगा होता.

मी नाशकात पंधरा-सोळा वर्षं उपदलाल होतो. उपदलाल म्हणजे मुंबईच्या मोठ्या दलालाचा गावातला हात. गिऱ्हाईक मला सांगणार, मी मुंबईला कळवणार, माल गिऱ्हाइकाच्या नावावर चढणार आणि दलालीतला एक छोटा तुकडा माझ्या ताटात पडणार. भाव वाढो की पडो, गिऱ्हाईक घेवो की विको, तुकडा ठरलेला. या धंद्याची हीच खुबी आणि हीच खोट. पुढे ती कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

ऑफिस भांडी बाजारात, तांब्या-पितळेच्या दुकानाच्या डोक्यावर. खाली दिवसभर हंड्यांवर ठोके पडत. त्यामुळे मी फोनवर ‘घ्या’ म्हणालो की ‘विका’, हे मुंबईला दोन-दोनदा विचारावं लागे. सुरुवातीच्या काळात शेअर म्हणजे खराखुरा कागद होता. लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी पहिल्यांदा आला तो म्हणाला, “आधी नमुना दावा.” मी एक प्रमाणपत्र काढून दिलं. त्याने ते उजेडात धरलं, बोटांनी चोळलं, नाकाला लावलं आणि विचारलं, “माल टिकंल ना?” मी छातीवर हात ठेवून म्हणालो, टिकेल. कंपनी दोन वर्षांत बुडाली. कागद मात्र अजून टिकून आहे, परवाच त्याने मला दाखवला.

आता मूळ गोष्ट.

माझ्या जिन्याच्या पायथ्याशी द्वारकाबाई मंडलिक फुलांची पाटी घेऊन बसायच्या. मखमलाबादच्या माळी. घरचा झेंडू, घरची शेवंती, हार जागेवर गुंफून द्यायच्या. दहा वर्षं मी रोज त्यांच्या पाटीला वळसा घालून वर जात होतो आणि दहा वर्षांत एकही हार घेतला नव्हता. ऑफिसातल्या लक्ष्मीच्या फोटोला मी प्लॅस्टिकचा हार घातला होता. एकदाच खर्च, धुतला की नवा. त्यांनी तो एकदा वर येऊन बघितला होता आणि आल्या पावली खाली गेल्या होत्या. तेव्हापासून मला पाहिलं की त्या पाटी जरा जास्तच पसरून ठेवत.

त्या साली त्यांच्या मळ्याची एक पट्टी रस्त्यात गेली. मोबदल्यातला त्यांचा वाटा चार लाख आला. गुडघे गेले होते, बाजारात बसणं बंद होणार होतं. एक दिवस त्या एकेक पायरी मोजत वर आल्या, खुर्चीवर बसल्या आणि आधी लक्ष्मीकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊ, मला म्हैन्याला अडीच हजार पाहिजेत. मरूस्तोवर. सुनांपुढं हात पसरायचा नाय.”

“दोघी चांगल्या आहेत ना?”

“लय चांगल्या हेत. मागितलं तर देतील. पण मंग त्या देणार, अन् मी मागणार. चाळीस वर्सं माझ्या कनवटीचा पैसा माझा व्हता. औषधाला, देवाला, नातीच्या हातावर टेकवायला. आता काय, ‘अगं, दहा रुपये दे गं’ म्हणू?”

इथे वाचकांनी थोडं गणित सोसावं. त्या वेळच्या दराने पोस्टाच्या मासिक योजनेत तीन लाख ठेवले तर महिन्याला दोन हजार मिळत. उरलेला लाख बँकेत ठेवला तर पाचशे. झाले अडीच हजार! रुपया कमी नाही, रुपया जास्त नाही. हे मला तेव्हा ठाऊक होतं का? होतं. मग सांगितलं का नाही? कारण हे सांगायला उपदलाल कशाला हवा, पोस्टमन पुरे. मी त्यांना म्हणालो, “द्वारकाबाई, अडीच हजार तर मिळतीलच, पण मुद्दल नुसती पडून राहील. तुमच्या मळ्यात कुठलं रोप नुसतं उभं राहतं का? ते वाढतं.”

स्वतःचं बोलणं मला इतकं आवडलं की मी ते लिहून ठेवलं.

मुद्दल वाढवायच्या या कल्पनेला कारण होता अमेरिकेहून आलेला एक फॅक्स. माझा भाचा तिकडे होता. त्याने तिथल्या एका फंडाची माहिती पाठवली होती. पन्नास मोठ्या कंपन्या एका दोऱ्यात ओवल्या की झाला निर्देशांक, आणि त्या अख्ख्या हाराचे छोटे तुकडे बाजारात शेअरसारखे विकत मिळतात. हे आपल्याकडेही सुरू झालं होतं आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण हा अमेरिकन फंड त्यापुढे जाऊन कर्ज काढायचा आणि रोजच्या रोज दुप्पट फळ द्यायचा. बाजार एक टक्का वर, तर हा दोन. फॅक्सच्या तळाशी मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक काहीतरी होतं. मला वाटलं, मशीनला डाग पडलेत.

असा फंड आपल्याकडे नव्हता. मी म्हटलं, नसला तर आपण घरी करू. लोणचं करतात तसं. द्वारकाबाईंच्या चार लाखांचे निर्देशांकाचे युनिट, म्हणजे त्या हाराचे तुकडे, घेतले. ते तारण ठेवून मुंबईच्या दलालाकडून आणखी चार लाख उचलले, महिना सव्वा टक्का व्याजाने, आणि त्यांचेही युनिट घेतले. आता माल आठ लाखांचा, बाईंचे चार. बाजार वाढला की पट दुप्पटीपेक्षा कमी होते, म्हणून थोडं आणखी कर्ज काढून आणखी घ्यायचं. बाजार पडला की पट जास्त होते, म्हणून थोडं विकून कर्ज उतरवायचं. रोज संध्याकाळी माप पुन्हा बरोबर दुप्पट. हे सगळं बाजार बंद व्हायच्या आधी, दुपारी सव्वातीनला करायचं. दर महिन्याला त्यातूनच अडीच हजारांचे युनिट विकून बाईंच्या हातात द्यायचे.

सव्वातीन वाजले की मी चष्मा लावून वही उघडायचो आणि शल्यचिकित्सकाच्या थाटात सांगायचो, “कुसुमताई, बावीस घ्या.” कुसुमताई माझ्याकडे कॉम्प्युटरवर बसायच्या. वयाने माझ्याएवढ्या, अकलेने जास्त, पण ते पगारात दिसत नसे. दुसऱ्या दिवशी, “कुसुमताई, एकोणतीस विका.” खाली हंड्यांवर ठोके, वर माझं संतुलन. आयुष्यात इतका विद्वान मी स्वतःला परत कधी वाटलो नाही.

पहिली तारीख आली की द्वारकाबाई जिना चढून येत. पंचवीस नोटा मोजत, एक नोट कपाळाला लावत आणि जाताना दरवेळी विचारत, “मुद्दल वाढती ना?”

“वाढते आहे.”

मेमध्ये निवडणुकीचे निकाल लागले आणि एका सोमवारी बाजार असा कोसळला की व्यवहार मध्येच थांबवावे लागले. मुंबईहून दलालाचा फोन आला. तो एरवी ‘कसे आहात’ विचारायचा, त्या दिवशी त्याने फक्त आकडा सांगितला. तारण कमी पडत होतं. माझ्या वहीनेही तेच सांगितलं, विका. कुसुमताई म्हणाल्या, “साहेब, उद्यापर्यंत थांबू या का?” मी म्हणालो, “शिस्त म्हणजे शिस्त.” मोठा ढीग विकला. पुढच्या दिवसांत बाजार उसळला तसतसे त्याच शिस्तीने थोडे थोडे परत घेतले. चढ्या भावाने.

हळूहळू बाजार सावरला. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी निर्देशांक बरोबर तिथे आला, जिथे मी सुरुवात केली होती. मी पेढे आणायला माणूस पाठवणार, तेवढ्यात द्वारकाबाईंचा हिशेब काढला. कर्ज वजा जाता दोन लाख ऐंशी हजार.

मी बेरीज पुन्हा केली. वरून खाली केली, खालून वर केली. बाईंना दिलेले पंचवीस हजार धरले. व्याज धरलं. ते मी ‘किरकोळ’ या सदरात टाकलं होतं आणि ते किरकोळ राहिलं नव्हतं. दलाली धरली. तरी भगदाड उरत होतं. मला एकच उलगडा सुचला, चोरी! मुंबईचा दलाल खातोय. दहा महिन्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि दोन दिवस भाव ताडून पाहिले. एकही पैसा इकडचा तिकडे नव्हता. मग मी संशयाने कुसुमताईंकडे बघितलं. त्यांनी कॉम्प्युटरवरून मान न वळवता सांगितलं, “चोर सापडला तर मलाही दाखवा साहेब. रोज सव्वातीनला ऑर्डर कोण देतं, तेवढं मला माहीत आहे.”

पहिली तारीख चार दिवसांवर होती. बाई जिना चढून येण्याआधी आपणच जावं म्हणून मी स्कूटर काढून मखमलाबादला गेलो.

द्वारकाबाई ओसरीवर गोधडी पसरून झेंडूचे हार गुंफत बसल्या होत्या. दिवाळीचे दिवस, फुलांचा ढीग गुडघ्याएवढा. आत स्वयंपाकघरात थोरली सून भाकरी थापत होती. मी सुरुवात केली, “द्वारकाबाई, जरा हिशेबात…”

त्यांनी सुई ओठांवर आडवी धरली. “हळू. आत ऐकू जाईल.”

तेव्हा पुढचं सगळं कुजबुजत झालं. आयुष्यात मी कबुलीजबाब बरेच दिले, पण असा खालच्या पट्टीत हा एकच.

“किती ऱ्हायले?”

सांगितलं. बाईंनी एक फूल ओवलं. मग त्या कुजबुजल्या, “बाजार पडला का?”

“नाही. होता तिथेच आहे.”

“मंग पैसे कुठं गेले?”

“तेच शोधतोय.”

तेवढ्यात सून चहा घेऊन बाहेर आली. द्वारकाबाई एकदम मोठ्याने म्हणाल्या, “लय चांगलं चाललंय म्हणत्यात भाऊ!” मी चहाच्या कपात बघत मान हलवली. सून आत गेली आणि बाईंचा चेहरा पुन्हा जागेवर आला.

“मला नीट सांगा. कागदावर नको. फुलांवर सांगा.”

मी शंभर झेंडू मोजून गोधडीवर वेगळे काढले. म्हणालो, “हे तुमचे पैसे. बाजार दहा टक्के पडला. साधे पैसे असते तर दहा फुलं गेली असती. आपले दुप्पट, म्हणून वीस.” वीस काढली. ऐंशी उरली. “आता बाजार दहा टक्के वाढला. आपले वीस टक्के. ऐंशीचे वीस टक्के, सोळा.” सोळा परत टाकली. बाईंनी सगळी पुन्हा मोजली.

“शहाण्णव हेत.”

“हो.”

“चार कुठं गेली?”

खोटं कशाला सांगू, मी गोधडीचं टोक उचलून खाली पाहिलं. त्यांनीही पाहिलं. दोन प्रौढ माणसं, एक शेअर बाजारातला जाणकार, गोधडीखाली चार झेंडू शोधत होती.

आधी त्यांच्याच ध्यानात आलं. “काढली तवा शंभरातून काढली,” त्या सावकाश म्हणाल्या, “अन् टाकली तवा ऐंशीवर टाकली. मंग कशी भरतील?”

खरं तर बाजारच दहा टक्के पडून दहा टक्के वाढला तर तोही शंभरावर येत नाही, नव्याण्णवावर येतो. एकाची खोट. पट दुप्पट केली की खोट दुप्पट व्हायला हवी, असं मला वाटत होतं. ती चौपट होते. आणि हे एका खेपेचं झालं. दहा महिने बाजार रोज असा खाली-वर डुलत होता, आणि दर डुलण्याला झेंडू गळत होते.

बाईंचं समाधान झालं नव्हतं. “अन् तुम्ही रोज काय करता? तुमची दलाली कशाची?”

“रोज माप दुप्पट ठेवावं लागतं ना. बाजार वाढला की थोडे आणखी घेतो. पडला की थोडे विकतो.”

सुई थांबली. “म्हंजी, महाग झालं का घ्यायचं, अन् स्वस्त झालं का विकायचं?”

“तसं नाही हो. त्याला संतुलन म्हणतात.”

“तसंच हे.”

मी आठवून पाहिलं. दहा महिने, चष्मा, वही, सव्वातीन. तसंच होतं.

“रोज?”

“रोज.”

“सुट्टी नाय?”

“शनिवार-रविवार असते.”

“तेवढं वाचलं,” बाई म्हणाल्या.

मग त्या पुन्हा हाराला लागल्या. फुलं उचलायची, ओवायची. एवढ्या वेळात ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. हार अर्धा झाल्यावर हळूच म्हणाल्या, “एक तारखेला मला अडीच हजार दिसले पाहिजेत, भाऊ. त्या दोघींना मी सांगून बसले हे, माझी पेन्शन सुरू झाली म्हणून. आता बंद पडली तर त्या काय बोलायच्या नायत. ते न बोलणं मला सोसायचं नाय.”

त्या दहा महिन्यांत ‘संतुलना’ची माझ्या ताटात पडलेली दलाली जवळपास वीस हजार होती. बाजार जागेवर, बाई खड्ड्यात आणि मी नफ्यात, असा तो चमत्कार. ती सगळी मी काढून दिली. दोन लाख ऐंशी आणि वीस, तीन लाख झाले. ते पोस्टात गेले. महिन्याला दोन हजार. उरले पाचशे. हरवलेल्या लाखाचं बँकेतलं व्याज.

मी म्हणालो, “पाचशे मी दरमहा आणून देतो.”

“फुकटचे नकोत. मी काय भिकारीण हे?” त्यांनी हातातला हार पूर्ण केला, गाठ मारली आणि वर धरून बघितला. “तुमच्या लक्षुमीला पलास्टिकचा हार हे. लय वर्सं बघते मी. रोज एक हार न्यायचा. वीस रुपये.”

“बाजारात असा हार दहाला मिळतो.”

“दुप्पट हे,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला आवडतं ना?”

महिन्याचे पंचवीस दिवस, वीस रुपये, पाचशे. गुडघ्यांमुळे त्या रोज येऊ शकत नव्हत्या, म्हणून रोज सकाळी भांडी बाजाराच्या उलट्या दिशेला मखमलाबादला जाऊन हार आणायचं काम माझं. पेट्रोल वेगळं. कुसुमताईंनी प्लॅस्टिकचा हार काढून धुतला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. म्हणाल्या, आठवण राहू द्या.

तीन वर्षं गेली. बाजार असा चढला की पानवालाही सल्ले देऊ लागला. माझ्यातला विद्वान मेला नव्हता. मी एक दिवस वही काढून हिशेब केला की दुप्पट योजना तशीच चालू ठेवली असती तर आज बाईंचे किती असते. चौदा-पंधरा लाख! बाजार एकाच दिशेने धावत सुटला की ही योजना घोड्यासारखी पळते. रोज महाग घ्या, दुसऱ्या दिवशी आणखी महाग झालेलं असतं. मला झोप लागेना. सकाळी हार घेताना न राहवून सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकलं. “भाऊ, दरसाल दसरा झाला का आमचा गडी म्हणतो, औंदा अजून दोन वाफे झेंडू लावला असता तर! तुमचा हिशेब कायम मागच्या दसऱ्याचा असतो.”

पुढच्या वर्षी बाजार निम्म्याहून खाली आला. मी काही बोललो नाही. बाईंनीच एका सकाळी हार बांधता बांधता विचारलं, “ते पंधरा लाख आता किती झाले असते?”

मी वहीत बघून सांगितलं, “दोन.”

“अन् माझे तीन तसेच हेत नव्हं? पोस्टात?”

“आहेत.”

“बरं. वीस द्या.”

मला या धंद्याची लाज वाटते असं नाही. अनेकांचं मी भलं केलं. साधे युनिट घेऊन विसरून गेलेल्या माणसांना त्यांच्या विसरभोळेपणाने घरं बांधून दिली. ज्यांच्याकडे मी फार लक्ष दिलं त्यांचं मात्र सांगवत नाही. भाचा पुढे सुट्टीवर आला तेव्हा त्याने तो जुना फॅक्स बघितला. शाई उडत चालली होती, पण तळाची मुंग्यांची रांग त्याने भिंगाने वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं की हे फळ फक्त एका दिवसापुरतं दुप्पट आहे, जास्त दिवस ठेवल्यास वेगळं काहीही होऊ शकतं. वेगळं झालं होतं. आणि त्या लाखाचं व्याज मी देत आलो असलो तरी लाख अजून लाखच आहे, फिटलेला नाही, हेही लिहून टाकतो.

ऑफिस मी बंद केलं. लक्ष्मीचा फोटो घरी आणला. आता वीस रुपयांत इथे काही येत नाही, बाईंनी भाव वेळोवेळी वाढवला आणि मी वेळोवेळी मान हलवली. आजही सकाळी मखमलाबादला जातो. गेल्या दसऱ्याला गेलो तर ओसरीवर त्यांची नात बसली होती. जिच्या हातावर टेकवायला पैसे हवे होते, तीच. नुकतीच नोकरीला लागली होती, पहिला पगार हातात. मला बघून आजीला म्हणाली, “आजी, काका शेअर बाजारातले ना? यांनाच विचारते पैसे कुठे ठेवायचे ते.”

मी घसा साफ केला. चष्मा खिशातच होता.

द्वारकाबाईंनी या खेपेला आवाज मुळीच खाली केला नाही. आतल्या सुनांना, शेजारच्या ओसरीला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, “माणूस इमानदार हे, पोरी. रोज येतो, रोख देतो, घासाघीस करत नाय. गिऱ्हाईक म्हणून जपावा असा. त्याचं गिऱ्हाईक तेवढं व्हायचं नाय.”